दहा अंशांची थंडी इंजिनाला का लागते?

डिसेंबर-जानेवारीत बालाघाटच्या पठारावर, म्हणजे अंबाजोगाई, धारूर, पाटोदा या भागात, पहाटेचं तापमान दहा अंशांच्या आसपास येतं. एखाद्या रात्री त्याच्याही खाली उतरतं. लडाखच्या मानाने ही थंडी म्हणजे काहीच नाही. पाणी गोठत नाही, बर्फ पडत नाही, माणूस कानटोपी आणि चहावर निभावून नेतो. तरीही याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे ओळखीचा आवाज ऐकू येतो. ट्रॅक्टरचा सेल्फ घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो, आणि बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर पांढऱ्या धुराचा लोट सोडत इंजिन कसंबसं उठतं. काल दुपारी चावी फिरवताच सुरू झालेलं हेच इंजिन. रात्रीतून त्याचा एकही भाग बदललेला नाही. लोखंडाला थंडी वाजत नाही. मग अडलं कुठे?

यावर थंड देशांनी काढलेला एक उपाय गमतीचा आहे. ते इंजिनाच्या तळाला, आपले मेकॅनिक ज्याला ऑईल चेंबर म्हणतात त्या भांड्याला, बाहेरून एक पातळ रबरी पट्टी चिकटवतात. पट्टीला वायर, वायरीला प्लग. रात्री प्लग लावला की चेंबरमधलं तेल कोमट राहतं आणि सकाळी इंजिन विनातक्रार उठतं. आता यातला चमत्कार पाहा. पेट घ्यायचा असतो डिझेलला, तोही वर, सिलिंडरमध्ये. पट्टी ऊब देते तळातल्या तेलाला. डिझेलला तिचा स्पर्शही होत नाही. तरीही डिझेल पेटतं. हे कसं घडतं ते समजलं की डिझेल इंजिनाचा अर्धा स्वभाव समजतो.

ठिणगीविना आग

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी पाडतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ साली ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये जी यशस्वीपणे चालवून दाखवली, ती अशी: नुसती हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच तापेल, आणि मग तीत इंधन फवारायचं. आजच्या ट्रॅक्टरमध्ये सिलिंडरभर हवा सुमारे सतराव्या हिश्शाच्या जागेत कोंबली जाते. सायकलचा पंप मारताना त्याचं टोक गरम लागतं, त्याच नियमाने ही हवा तापते, फक्त किती तरी पटींनी जास्त.

या नियमात एक गंमत दडलेली आहे. दाबल्यावर हवेच्या तापमानात ठरावीक अंशांची भर पडत नाही, तापमानाचा गुणाकार होतो. हा गुणाकार करायचा तो बर्फाच्या शून्यापासून नव्हे, विश्वातल्या सगळ्यात खालच्या तापमानापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून. त्या मापाने बीडची ३० अंशांची दुपार ३०३ भरते आणि १० अंशांची पहाट २८३. सेल्फवर फिरणाऱ्या इंजिनात थोडी उष्णता भिंतींत जाते, थोडी हवा रिंगांच्या फटींतून निसटते. हे नुकसान धरलं तर गुणक २.३ च्या थोडा वर येतो. म्हणजे दुपारची हवा दाबून सुमारे ४३५ अंशांना पोचते आणि पहाटेची ३९० अंशांना. बाहेर फरक वीस अंशांचा होता, आत तो पंचेचाळीसच्या घरात गेला.

डिझेल मोकळ्या हवेत साधारण २१० ते २५० अंशांना आपोआप पेट घेतं. मग ३९० पुरेसे नाहीत का? पुरेसे आहेत, पण डिझेलला वेळ मिळाला तर. सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेतं. हवा पूर्ण दाबलेली असण्याचा क्षण सेकंदाच्या काही शतांशांपुरता टिकतो. तेवढ्यात फवारलेल्या थेंबांची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची आणि पेटायची. हवा जितकी गरम तितकं हे लवकर घडतं. हवा थोडी थंड पडली की डिझेलची वाफ होते, पण ती पेटायच्या आत पिस्टन खाली निघालेला असतो. न जळलेली ती वाफ धुराड्यातून बाहेर पडते. पहाटेचा पांढरा धूर तो हाच. त्यात दिसतं ते बहुतांशी फुकट गेलेलं डिझेल.

तळातलं तेल

आता चेंबरकडे वळू. खोबरेल तेलाची बाटली हिवाळ्यात थिजते हे प्रत्येक घराला माहीत आहे. इंजिन ऑईल दहा अंशांना तसं थिजत नाही, ते वाहत राहतं. पण कसं वाहतं, ते आकड्यांतच पाहायला हवं.

तेलाचा दाटपणा सेंटीस्टोक या एककात मोजतात. पाण्याचा दाटपणा साधारण एक. ट्रॅक्टरमध्ये चालणाऱ्या १५डब्ल्यू-४० जातीच्या तेलाचा दाटपणा इंजिन पूर्ण तापलेलं असताना, म्हणजे १०० अंशांना, पंधराच्या आत असतो. तेच तेल ३० अंशांना १८० च्या घरात जातं आणि १० अंशांना ६०० च्या पुढे. दुपार आणि पहाट यांच्यात वीस अंशांचं अंतर, आणि तेवढ्यात तेल तिपटीहून अधिक दाट! चालत्या इंजिनाशी तुलना केली तर चाळीसपट. एवढ्या दाट तेलात बुडालेले बेअरिंग, सिलिंडरच्या भिंतींना चिकटलेल्या रिंगा, तेल वर ओढणारा पंप, हे सगळं सेल्फला एकट्याने फिरवायचं असतं.

तेलाच्या डब्यावरचा तो ‘डब्ल्यू’ हिवाळ्याच्या परीक्षेचा शिक्का आहे. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २० अंशांना होते. एवढ्या गारठ्यातही इंजिन फिरवता येईल इतपतच ते दाट व्हायला हवं. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. म्हणजे परळीच्या बाजारात मिळणारा साधा डबासुद्धा मराठवाड्याने कधी न पाहिलेली थंडी प्रयोगशाळेत सोसून आलेला असतो. तरी दहा अंशांना तो अडतो का? एकटा नाही अडत. दमलेली बॅटरी त्याच्या सोबतीला आली की अडतो.

बॅटरी म्हणजे शिसं आणि गंधकाम्ल यांच्यातली रासायनिक क्रिया, आणि रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. नव्या बॅटरीला दहा अंशांचं काही वाटत नाही. पण तीन-चार वर्षं उन्हाळ्याच्या ४२ अंशांत भाजलेली, पाणी कमी झालेली बॅटरी पहाटे जेमतेम ताकद देते, आणि नेमकी तेव्हाच सेल्फची मागणी सगळ्यात जास्त असते.

सगळं येऊन थांबतं वेगावर

आता ही सगळी सूत्रं एकत्र बांधू. दाट तेलामुळे इंजिन जड फिरतं. बॅटरीची ताकद कमी, म्हणून ते आणखी हळू फिरतं. हळू फिरलं की दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला जास्त वेळ मिळतो, आणि थंड भिंतींनाही तिची उष्णता शोषायला जास्त वेळ मिळतो. मग तो २.३ चा गुणक टिकत नाही. तो १.८ च्या खाली आला, तर ३९० अंशांची हवा २३० अंशांच्या आसपास येते, म्हणजे डिझेल पेटण्याच्या अगदी उंबरठ्यावर. तळातल्या तेलाची थंडी अशी वेगाच्या वाटेने वरच्या हवेत पोचते. चेंबरला लावलेली पट्टी डिझेलला स्पर्श न करता ते पेटवते, ती याच वाटेने उलटी जाऊन. तेल पातळ झालं की फेरे वाढतात, फेरे वाढले की हवा तापते.

हे सूत्र हाती आलं की आपल्या गावातल्या जुन्या युक्त्या एकदम उलगडतात. अनुभवी ड्रायव्हर रात्री ट्रॅक्टर उतारावर लावतो. सकाळी ब्रेक सोडायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. बॅटरीने जो वेग द्यायचा तो पृथ्वी देते, आणि पृथ्वीला थंडी लागत नाही. विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारताना आधी डिकंप्रेशनची दांडी उचलतात. ती उचलली की सिलिंडरची झडप उघडी राहते, हवा दाबलीच जात नाही, आणि माणूस एकट्याच्या हातांनी ते जड चाक गरगर फिरवू शकतो. चाकाने पुरेसा वेग घेतला की दांडी सोडायची. झडप मिटते, साठलेल्या वेगाच्या जोरावर हवा झटक्यात दाबली जाते आणि पहिला ठोका पडतो. उतार, दांडी आणि थंड देशांतली विजेची पट्टी, तिन्ही उपाय एकच काम करतात: पहिल्या काही फेऱ्यांना वेग देतात.

शेकोटीपासून पट्टीपर्यंत

खऱ्या थंडीच्या मुलखात माणसाने याहून अचाट उपाय केले आहेत. अलास्कात उतरणारे वैमानिक रात्री विमानाच्या इंजिनातलं सगळं तेल गरम असतानाच डब्यात काढून घेत, खोलीत शेगडीशेजारी ठेवत आणि सकाळी पुन्हा इंजिनात ओतत. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन सैनिकांना रणगाड्यांखाली शेकोट्या पेटवाव्या लागल्या. लडाखच्या रस्त्यांवरचे ट्रकवाले आजही चेंबरखाली स्टोव्ह ठेवतात.

यातली आग काढून तिच्या जागी वीज आणण्याचं श्रेय ज्यांना जातं, त्यांत अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्सचे अँड्र्यू फ्रीमन यांचं नाव येतं. ते ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी बसणारा विजेचा हीटर त्यांनी बनवला आणि १९४९ साली त्याचं पेटंट मिळवलं. आज कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरांत पार्किंगच्या जागी रांगेने विजेचे प्लग असतात. इथून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना आधी त्या विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगच्या जागा वाटतात. चेंबरला चिकटवायची पट्टी ही त्याच घराण्यातली सगळ्यात साधी वस्तू. इंजिन खोलायचं नाही, पाणी काढायचं नाही, भोक पाडायचं नाही.

पट्टी सिलिकॉन रबराची असते, आत काचतंतूंचा आधार आणि नागमोडी पसरलेली रोधक तार. पाठीला चिकट थर. तिला किती वीज लागते? चेंबरमध्ये सात लिटर तेल धरा. ते २० अंशांनी तापवायला सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा लागते. १५० वॉटची पट्टी एवढी ऊर्जा अर्ध्या तासात देते. चेंबरचं लोखंड आणि भोवतीची थंड हवा त्यातला मोठा वाटा खातात, म्हणून दोन तास धरू. दोन तासांचा खर्च ०.३ युनिट. एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी विजेत सात लिटर तेलाची पहाट दुपार होते.

मग भराभर तापणारी हजार वॉटची पट्टी का लावत नाहीत? कारण तेल उष्णता हळू वाहून नेतं. पट्टी लहान आणि ताकद मोठी असेल तर पत्र्याला टेकलेला तेलाचा थर करपतो आणि वरचं तेल थंडच राहतं. ऊब पसरट आणि मंद हवी.

ती बसवण्यातलं नव्वद टक्के काम साफसफाईचं आहे. चेंबरच्या तळाशी किंवा बाजूला, तेलाच्या पातळीच्या खाली, सपाट जागा निवडायची. तेल सोडायचा बोल्ट, जोड आणि उंचवटे टाळायचे. पट्टीएवढ्या जागेवरचा रंग, गंज आणि वर्षानुवर्षांचा चिखलमिश्रित तेलकट थर पॉलिश पेपरने घासून उघडा धातू काढायचा. मग थिनरने तो इतका पुसायचा, की पांढऱ्या फडक्याला डाग पडू नये. इंजिन थोडं कोमट असावं, पण गरम नसावं. पट्टीचा कागद सोलून एका कडेपासून दाबत न्यायची, म्हणजे खाली हवेचा बुडबुडा राहत नाही. बुडबुडा दिसायला क्षुल्लक, पण पट्टी मरते ती तिथेच. हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे त्या ठिकाणी तार आपल्याच उष्णतेने जळते. कडांना गरमी सोसणारा सिलिकॉन सीलंट लावायचा, चोवीस तास वाळू द्यायचा, मगच प्लग लावायचा. वायर सायलेन्सर आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब बांधायची. अर्थिंग असलेलाच प्लग वापरायचा. चेंबर रिकामा असताना किंवा पट्टी हातात धरून ती कधीच चालू करायची नाही.

आपल्याकडे एक धोका वेगळा आहे. अमेरिकेतल्या पट्ट्या १२० व्होल्टच्या असतात, आपल्या घरात २३०. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. १५० वॉटची अमेरिकन पट्टी आपल्या प्लगवर साडेपाचशे वॉट ओढायला बघेल आणि जळून जाईल, कदाचित तेलाने माखलेल्या इंजिनासकट. नातेवाइकाने तिकडून आणून दिली तरी पट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा वाचल्याशिवाय ती लावू नये.

बीडमध्ये तिची जागा कुठे?

पहिला विचार ट्रॅक्टरचा. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा सगळा हंगाम हिवाळ्यात असतो, आणि त्यांची रात्र जाते फडाच्या कडेला किंवा कारखान्याच्या आवारात नंबर लागण्याची वाट बघत. तिथे २३० व्होल्टचा प्लग नसतो. ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर १२ व्होल्टची पट्टी लावावी, तर १५० वॉटला साडेबारा अँपिअर, दोन तासांत पंचवीस अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चौथा हिस्सा पहाटे सेल्फ मारायच्या आधीच संपला. ज्याला मदत करायची त्याचंच बळ काढून घेतलं. शिवाय अनेक ट्रॅक्टरांचा चेंबर पातळ पत्र्याचा नसून जाड ओतीव लोखंडाचा असतो. त्याचा पृष्ठभाग खरखरीत, पट्टी नीट चिकटत नाही.

ट्रॅक्टर अडण्यामागे डिझेलच नाही ना, असंही वाटेल. पेट्रोल पंपावरचं डिझेल थंडीची दखल घेतं खरं. डिझेलमध्ये मेण असतं आणि थंडीत त्याचे स्फटिक फिल्टर तुंबवतात. भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतलं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं, उन्हाळ्यात १८ अंश चालतात. त्यामुळे बीडच्या थंडीला आपलं साधं डिझेल पुरतं. लडाखला ते पुरत नाही. म्हणून इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल पाठवायला सुरुवात केली.

पट्टीची किंवा तिच्या भावंडांची खरी जागा आहे ती वीज गेल्यावर क्षणात उठायलाच हव्या अशा जनरेटरांपाशी. अमेरिकेत रुग्णालयांच्या आणीबाणीच्या जनरेटरने दहा सेकंदांत भार उचलावा असा दंडक आहे. शस्त्रक्रिया चालू असताना सेल्फ तीनदा मारून बघायला वेळ नसतो. असा जनरेटर एका जागी उभा असतो, प्लग हाताशी असतो, आणि इंजिन सतत कोमट ठेवलं तर काही सेकंदांतच ते भार उचलू शकतं.

आणि तेल तापवल्याशिवाय पानही हलत नाही असं काम बीड जिल्ह्यात कित्येक दशकं होत आलं आहे, परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात. १९७१ साली तिथला पहिला संच सुरू झाला. कोळशावर चालणारा थंड बॉयलर कोळशाने थेट पेटत नाही. आधी तेलाच्या ज्वाळांनी भट्टी तापवावी लागते, मग कोळशाची भुकटी आत सोडतात. अशा केंद्रांत त्यासाठी वापरलं जाणारं फर्नेस ऑईल इतकं दाट असतं, की ५० अंशांनाही त्याचा दाटपणा पावणेदोनशेच्या घरात असू शकतो. ते नळांतून ढकलण्यासाठी आणि बर्नरमधून बारीक फवारण्यासाठी वाफेने १०० अंशांच्या वर तापवतात. म्हणजे हजारो घरांना उजेड देणाऱ्या यंत्राचीही सुरुवात, ट्रॅक्टरच्या चेंबरसारखीच, दाट तेल पातळ करण्यापासून होते.

आता रोकडा हिशेब. तुमचा ट्रॅक्टर पहाटे अडत असेल तर हीटर विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा: बॅटरीचं पाणी आणि वय, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा क्षार, सेल्फच्या जाड वायरी, आणि चेंबरमध्ये कंपनीने सांगितलेल्या जातीचंच तेल आहे का. बीडच्या थंडीत बहुतेक वेळा रोग या चारांत सापडतो. हे सगळं ठीक असूनही इंजिन अडत असेल तर रिंगा झिजल्या आहेत का ते बघा, कारण गळकी हवा कुठलीही पट्टी तापवू शकत नाही. एअर फिल्टरपाशी पेटतं फडकं धरू नका, आणि पाचटाच्या शेतात चेंबरखाली जाळ तर मुळीच करू नका. जनरेटर दवाखान्याचा, दूध संकलन केंद्राचा किंवा पाणीपुरवठ्याचा असेल, तर मात्र २३० व्होल्टची, अर्थिंगची, इंजिन सतत कोमट ठेवणारी पट्टी जरूर लावा. एवढ्या थोड्या विजेत इतकी खात्री दुसरीकडे कुठे मिळत नाही.